रात्री दहानंतरचं रक्त

प्रशिक्षणाच्या अर्जात शेवटचा रकाना असा:
पाच वर्षांनी तुम्ही स्वतःला कुठे पाहता?
दीडशे शब्द. मुदत एकतीस तारीख.

सध्या मी स्वतःला पाहते आहे
खैरबोडीत, रात्री सव्वादहाला,
कपाळाला विजेरी, हातात स्पिरिटचा बोळा,
आणि समोर जेवून नुकताच कलंडलेला माणूस.

"अवो बाई, दिवसाले काय झालं होतं?"

दिवसा सापडत नाहीत, मी सांगते.
हत्तीरोगाच्या जंताची पिल्लं
दिवसभर फुप्फुसाच्या शिरांत पडून असतात,
आणि डास निघायच्या वेळेला
कातडीजवळ येऊन थांबतात,
फाट्यावर एसटीची वाट पाहावी तशी.
"म्हंजे एसटीपेक्षा टायमाचे पक्के,"
सोविंदा मेश्राम म्हणतो आणि बोट पुढे करतो.
तलावात जाळं ओढून ओढून
कातडी इतकी निबर
की पहिली सुई वाया.

रक्ताच्या तीन रेघा, वीस-वीस मायक्रोलिटरच्या.
काचेवर हिऱ्याच्या लेखणीनं कोरलेलं: सत्तेचाळीस.

नागपूरच्या वर्गात शिकवलं होतं
संमतीपत्र कसं वाचून दाखवावं,
नमुना केवढा असावा,
पोस्टरवरचं अक्षर किती पावलांवरून दिसावं.
मुंग्यांबद्दल कुणी बोललं नव्हतं.

बोलला होता फक्त इस्तारीभाऊ:
पेटीच्या चारी पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवजा.
मी तीनच ठेवल्या.

सकाळी सत्तेचाळीसवरच्या रेघा
ताट चाटून पुसून ठेवावं तशा साफ,
आणि काचेच्या काठावर एक मुंगी, उशिरा आलेली.

बाकीच्या साठही निगेटिव्ह निघाल्या दुपारपर्यंत.
एकसष्टावा शून्य कुणाला खुपला असता?
पेन त्या चौकोनावर टेकलंही होतं.
इस्तारीभाऊ तेव्हा काचा धूत होता,
दहावी नापास, एकवीस वर्षं कंत्राटी,
माझ्या गाईडच्या निम्म्या निबंधांतले जंत त्याने मोजलेले,
एकाही निबंधावर नाव नसलेला.
मागे न वळताच म्हणाला,
"मुंगीनं खाल्लं तं मुंगीनं खाल्लं लिवा.
थे का लाजते, तुमी कायले लाजता?"

लिहिलं.
आणि रात्री पुन्हा गेले.

ओसरीवर सोविंदाची मावशी, बिरजाबाई,
डावा पाय पाटावर वेगळा ठेवून बसलेली,
जणू तो दुसऱ्या कुणाचा, फक्त सांभाळायला दिलेला.
"माह्या पायाले काय भेटन यातून?"
संमतीपत्रात याचं उत्तर छापलेलं आहे: प्रत्यक्ष लाभ नाही.
ते मी म्हणाले.
मग खाली बसून, साबणाने धुऊन,
तिच्या बोटांच्या बेचक्या फडक्यानं टिपत राहिले.
तेवढं येत होतं.
सोविंदा दुसरं बोट पुढे करून ताटकळला होता.

दुसऱ्या रेघेच्या शेवटी तो दिसला.
जांभळट, अंगावर पातळ खोळ,
कुणीतरी घाईत केलेल्या सहीसारखा वळलेला.
मी ओरडलेच. खुर्चीवरून उठले,
मोबाइल भिंगाला लावून फोटो काढला,
मॅडमला पाठवला, रेंज नव्हती,
म्हणून पाण्याच्या टाकीवर चढले.
वर पोचल्यावर तलाव दिसला,
त्यात कंबरेइतक्या पाण्यात उभा असलेला एक माणूस,
आणि मला कळलं की मी कशानं इतकी खूश आहे.

फोटो अजून जातोच आहे, गोल फिरतो आहे.

खाली आले तर इस्तारीभाऊनं भिंगातून पाहून घेतलं होतं.
"बरोबर आहे," म्हणाला. "आता जा, त्याले सांगून ये.
गोळ्या किती, कवा, सारं. मी नाई येत.
हेई शिकाच लागते."

अर्जात 'मिळवलेली कौशल्ये' असाही एक रकाना आहे.
तिथे लिहिलं: चार वाट्या.
मग खोडलं, रंगद्रव्य पद्धती वगैरे लिहिलं.

पाच वर्षांचं कोरंच आहे.
चप्पल सापडत नाहीये.
सोविंदा जाळं झटकून बांधावर येईल इतक्यात,
आणि मला अजून पहिलं वाक्य सुचलेलं नाही.